अंदाजाचं माप

शनिवार, 29 नोव्हेंबर. रात्री उशिरा.

उद्या आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार. दुपारी ह्यांनी माळ्यावरची पेटी खाली काढून दिली आणि धाकटी तिच्यासमोर ठाण मांडून बसली. झाकण उघडलं की मेणाचा आणि जुन्या कापडाचा एक वास येतो, वर्षभर तो दुसरीकडे कुठे येत नाही. माझ्यासाठी नाताळ त्या वासापासून सुरू होतो.

वरच्या थरात क्रोशाचे तारे, खळ घालून कडक केलेले. त्याखाली पुठ्ठ्याचा गोठा. एका पाकिटात ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी वळलेले पानांचे क्रूस, आता वाळून पिवळे पडलेले. ते चर्चमध्ये परत द्यायचे आहेत, कारण उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या पुढच्या राखेच्या बुधवारची राख त्यांचीच होते. तो येत्या 18 फेब्रुवारीला आहे, म्हणून पाकीट वेगळं काढून ठेवलं. आणि सगळ्यात तळाशी, मलमलीत गुंडाळलेला बाप्तिस्म्याचा झगा. माझ्या लग्नाच्या पोशाखातून उरलेल्या कापडाचा तो माझ्या आईने शिवला. दोन्ही मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी तोच घातला होता. आतल्या दुमडीवर दोघांची नावं आणि तारखा आईने पांढऱ्याच दोऱ्याने भरल्या आहेत. पांढऱ्यावर पांढरं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं की लागतं. धाकटीने आज पहिल्यांदा बोटाने आपलं नाव वाचलं. तीनदा वाचलं.

संध्याकाळ आगमनचक्र बांधण्यात गेली. तारेच्या कडीवर हिरव्या डहाळ्या एकाच दिशेने बांधत जायचं, आधीच्या डहाळीचा देठ नवीच्या पानांखाली झाकत. मग चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची. धाकटीने विचारलं, "हे पहिल्यांदा कोणी केलं?" तिला विखर्न नावाच्या जर्मन पाळकांची गोष्ट सांगितली. हाम्बुर्गमध्ये ते गरीब मुलांसाठी एक घर चालवायचे. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? म्हणून 1839 मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. इतर वारांसाठी लहान आणि रविवारांसाठी चार मोठ्या. रोज एक पेटवायची, म्हणजे किती दिवस राहिले ते मुलांना नुसतं बघून कळायचं.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या मुलांना आई नव्हती का?"

काहींना असेल, काहींना नसेल, असं मी म्हटलं. मग आम्ही दोघी पुढच्या डहाळ्या बांधत राहिलो.

रविवार, 30 नोव्हेंबर.

पहिली मेणबत्ती पेटली. आमच्याकडे घरातल्या सगळ्यात लहानाने पेटवायची आणि सगळ्यात मोठ्या भावंडाने विझवायची असं ठरलेलं. मोठा यंदा वसतिगृहात आहे, शिक्षणासाठी गेल्यापासूनचा हा पहिला आगमनकाळ. प्रार्थना संपली तेव्हा विझवायचं कोणी, हे कोणालाच सुचेना. शेवटी ह्यांनी विझवली. धूर वर जाईपर्यंत कोणी उठलं नाही.

नंतर इशायाचं झाड उभं केलं. कुंडीत रोवलेली एक वाळकी फांदी, बस. दाविद राजाचा बाप इशाय, त्याच्या बुंध्याला धुमारा फुटेल असं संदेष्टा यशयाने 11 व्या अध्यायात म्हटलं आहे, त्यावरून हे झाड. रोज शास्त्रातली एक गोष्ट वाचायची आणि तिची खूण फांदीला टांगायची. नोहाचं तारू, याकोबाची शिडी, योसेफाचा पायघोळ झगा, रूथची कणसं, दाविदाची वीणा. आमच्या खुणा कणकेच्या आहेत. दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ आणि गोळा घट्ट होईल इतकंच पाणी. आकार कापून झाले की मंद आचेवर दोन-तीन तास भट्टीत पूर्ण वाळवायचे, मग रंगवायचे. आत ओल राहिली तर पुढच्या वर्षी पेटीतून भुगाच निघतो.

आज लिहूनच टाकते, इतकी वर्षं कुठे लिहिलं नाही. मोठा सहा वर्षांचा होता तेव्हा तारू त्याने केलं होतं. एका बाजूला कललेलं, छपरावर बोटांचे ठसे, आणि खिडकीत एकच प्राणी. कोणता ते त्याचं त्यालाच माहीत. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. रात्री सगळे झोपल्यावर मी नवीन तारू केलं, सरळ, गुळगुळीत, खिडकीत जिराफाची जोडी. त्याचं टाकून दिलं. सकाळी तो झाडासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, माझं कुठे गेलं?" मी म्हटलं, "हे काय, इथेच तर आहे." त्याने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. म्हणाला, "हे छान आहे. पण हे माझं नाही."

तो रडला नाही, रागावलाही नाही. त्या वर्षी त्याने पुढे एकही खूण केली नाही, एवढंच. मी क्षमा मागितली, त्याने लगेच केलीही, पण ते कललेलं तारू मी परत आणू शकले नाही. जिराफांचं तारू अजून आमच्या झाडावर असतं. ते मी काढत नाही, ते समोर असलेलं मला हवं आहे. तेव्हापासून मुलांच्या हातच्या कामाला माझी कात्री लागलेली नाही. धाकटीच्या शिडीला यंदा पाच पायऱ्या आहेत आणि त्यातल्या दोन एकमेकींना चिकटल्या आहेत. तशीच टांगली.

मंगळवार, 9 डिसेंबर.

स्वेटरची एक बाही झाली, दुसरी सुईवर आहे.

ही लोकर नवी नाही. मोठा दहा वर्षांचा असताना त्याला निळा स्वेटर विणला होता, तो ऑक्टोबरमध्ये उसवायला घेतला. शिवणी सोडल्या, गळ्याकडून धागा मोकळा केला आणि एकेक ओळ सुटत गेली. उसवलेली लोकर नागमोडी असते, आठ वर्षं ज्या टाक्यांत बसली होती त्यांची वळणं ती सोडत नाही. लडी करून, चार ठिकाणी सैलसर बांधून, कोमट पाण्यात भिजवून वाळत टाकली. वाळल्यावर सरळ झाली, तरी कुठे कुठे बारीकशी लहर राहिलीच आहे. अंगापुरती ही लोकर पुरली. बाह्यांना आणि पट्टीला राखाडी जोडली, कारण दहा वर्षांच्या मुलाच्या लोकरीत अठरा वर्षांचा मुलगा मावत नाही.

माप मात्र माझ्याजवळ नाही. तो जुलैमध्ये गेला. या वयातली मुलं पाच महिन्यांत किती वाढतात! फोनवर विचारलं असतं तर त्याला कळलं असतं. म्हणून त्याचा कपाटात राहिलेला शर्ट पसरला, खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावली आणि वर अंदाजाने दीड इंच वाढवला.

टेप हातात होती आणि मला हन्ना आठवली. बायबलमधलं 1 शमुवेल, अध्याय 2, ओवी 19. लहानपणापासून ही ओवी कितीदा ऐकली असेल. शमुवेलाची आई त्याच्यासाठी लहानसा झगा करी आणि दरवर्षी यज्ञाला जाताना तो घेऊन जाई. तेवढंच. उपदेशात हन्नाची प्रार्थना येते, तिचे अश्रू येतात, तिचा नवस येतो. झग्यावर कोणी फारसं थांबत नाही. मीही थांबले नव्हते. पण परवा प्रथमच लक्षात आलं की तिच्याजवळसुद्धा माप नव्हतं. नवसाप्रमाणे देवाला वाहिलेलं मूल शिलोच्या मंदिरात एली याजकापाशी, भेट वर्षातून एकदा. मागच्या खेपेला तो आपल्या कमरेला लागत होता, आता कुठवर आला असेल? झगा तर निघण्याआधी तयार हवा. म्हणजे वर्षभरात तो किती वाढला हे तिने घरी बसून मनात धरायचं, आणि तेवढं कापड जास्त घ्यायचं. त्याआधीच्याच ओवीत आहे की शमुवेल तागाचं एफोद घालून परमेश्वराची सेवा करत असे. तिथला पोशाख त्याला मिळालेला होता. तरी आईने झगा नेलाच. पुढे तिला आणखी तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या. तेवढ्या पोरवड्यात ती झगे शिवायची थांबली, असं शास्त्रात कुठेही नाही.

मला विणायला आईनेच शिकवलं. टाके घालताना धागा ओढायचा नाही, सुईवर टाका सरकता राहिला पाहिजे, असं ती म्हणायची आणि माझी ओळ घट्ट झाली की न बोलता उसवून परत माझ्या हातात द्यायची. ती गेली त्या दिवशी घरी आलेल्या बायकांपैकी एकीने आईने विणलेली शाल पांघरली होती, दुसरीने आपल्या नातवाच्या टोपीबद्दल सांगितलं. मग एकेक जण सांगायला लागली. प्रेषितांच्या कृत्यांत यापोच्या विधवा प्रेषित पेत्राभोवती उभ्या राहून रडतात आणि वारलेल्या दुर्कसने केलेले अंगरखे त्याला दाखवतात, तो 9 वा अध्याय त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिला. दुर्कस मात्र पेत्राच्या प्रार्थनेनंतर उठून बसली होती. आई उठायची आहे, पुनरुत्थानाच्या दिवशी. त्यावर माझा विश्वास आहे आणि त्याच विश्वासाने मी तिच्या सुया वापरते.

आता पुरे. बाहीचे टाके कमी करायचे आहेत आणि डोळे मिटायला लागले आहेत.

रविवार, 14 डिसेंबर.

गुलाबी मेणबत्ती. पार्सल काल गेलं. आत स्वेटर, धाकटीने केलेलं भेटकार्ड आणि एक लहानशी मेणबत्ती. मेणबत्तीवर धाकटीने चिठ्ठी बांधली, "ही तू विझवायची."

रविवार, 21 डिसेंबर.

काल गोठा मांडला. पुठ्ठा कापणं आणि आतला दिवा हे काम ह्यांचं, आणि ते कोणाला हात लावू देत नाहीत. छपराचं गवत मी लावते. मूर्ती घरच्याच, मातीच्या. मागच्या वर्षी योसेफाचा हात तुटला होता. धाकटीने तो नव्याने करून बसवला आहे आणि तो दुसऱ्या हातापेक्षा बराच मोठा झाला आहे. सुताराचा हात असाच असेल, असं ती म्हणाली.

संत फ्रान्सिस असिसीकरांनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात पहिल्यांदा असा देखावा मांडला, तेव्हा त्यात मूर्ती नव्हत्या. गव्हाणी, गवत, जिवंत बैल आणि गाढव. बाकी लोकांनी समोर उभं राहून मनात बघायचं. आमच्या गव्हाणीतही 24 तारखेच्या रात्रीपर्यंत कोणी नसतं. मागी लोकांना, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना, धाकटीने पुस्तकांच्या फळीवर ठेवलं आहे. रोज थोडं थोडं सरकवत ती त्यांना 6 जानेवारीला गोठ्यापाशी पोहोचवणार.

यंदा तिने एक काम मागून घेतलं. लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो की मरियेने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, पण आमचं मातीचं बाळ आजवर उघडंच असायचं. "त्याला थंडी वाजत असेल ना," म्हणाली. मलमलीचा तुकडा दिला, सुईत दोरा ओवून दिला आणि मी शेजारी नुसती बसून राहिले. तळहाताएवढ्या कापडाच्या चार बाजू दुमडायला तिला दीड तास लागला. टाके एक मोठा, एक बारीक, तिसरा तिरका. एकदा सुई बोटात गेली आणि कापडावर लाल ठिपका पडला. मी धुऊन देऊ का विचारलं. तिने तो ठिपका बघितला, थोडा विचार केला आणि म्हणाली, "नको, तो आतल्या बाजूला घेते."

संध्याकाळी चौथी मेणबत्ती पेटली. चारही एकत्र जळतात तेव्हा पहिली अगदी बुटकी झालेली असते. प्रार्थना झाली आणि ह्यांनी मोठ्याला फोन लावून मधे ठेवला. त्याने तिकडून फुंकर मारली, त्याच क्षणी ह्यांनी इकडून. धाकटी टाळ्या वाजवत उठली.

मग तो म्हणाला, "आई, पार्सल मिळालं. घातलंय मी. हा निळा रंग माझ्या ओळखीचा आहे."

मी म्हटलं, "बसलं का नीट?"

"खांद्यात बरोबर आहे. बाही दोन बोटं लांब आहे."

"उसवून देऊ?"

"नको, राहू दे."

फोन ठेवल्यावर मापांची वही काढली. त्याच्या नावाखाली आजची तारीख घातली आणि लिहिलं: बाही, दोन बोटं लांब.