पंपाच्या रिलेची टकटक

आज परभणीजवळ एका शेतकरी मित्राच्या बोअरवर, कमी व्होल्टेजपासून सिंगल फेज मोटार वाचवणाऱ्या पेटीचे काम केले. संध्याकाळी व्होल्टेज १८० च्या आसपास घोटाळू लागले की आतील रिले (मोटार चालू-बंद करणारा विद्युत स्विच) टकटक करीत राही आणि तिचे कॉन्टॅक्ट जळून काळे पडत. व्होल्टेज मर्यादेवर येताच मोटार सुरू होते, तिच्या भारामुळेच ते पुन्हा खाली येते आणि काही मिलिव्होल्टचा फरकही पुरणारा एलएम३९३ हा कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) इमानेइतबारे तिला बंद करतो.

उपाय हिस्टेरेसिसचा, म्हणजे चालू होण्याची आणि बंद होण्याची मर्यादा वेगवेगळी ठेवण्याचा. १२ व्होल्टच्या स्थिर पुरवठ्यावर १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी मिळवलेला ६ व्होल्टचा संदर्भ कंपॅरेटरच्या धन टोकाला होता आणि मोजायचे व्होल्टेज (लाइनवर १८० असताना ६ होईल इतके कमी केलेले) ऋण टोकाला. आउटपुटपासून धन टोकापर्यंत १०० किलोओहमचा रेझिस्टर जोडताच एका मर्यादेच्या दोन झाल्या: सुमारे ५.७ आणि ६.३ व्होल्ट, म्हणजे लाइनवर साधारण १७१ आणि १८९. मधल्या पट्ट्यात रिले आहे त्या स्थितीत राहते. (या चिपचे आउटपुट ओपन कलेक्टर, म्हणजे फक्त खाली ओढू शकणारे, असल्याने ते वर नेणारा पुल-अप रेझिस्टर लागतोच, तो न लावता चिपलाच दोष देणारे पुष्कळ भेटतात.)

ही युक्ती अमेरिकी संशोधक ऑटो श्मिट यांना १९३४ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या मज्जातंतूंच्या अभ्यासातून सुचली, याचे मला अजूनही नवल वाटते.

मात्र सुरू होताना मोटार व्होल्टेज क्षणभर जितके खाली ओढते, ते १८ व्होल्टच्या पट्ट्यात मावेलच असे नाही. पट्टा आणखी रुंदावण्यापेक्षा तिथे काही सेकंदांचा विलंब देणे मला अधिक योग्य वाटते, आणि ते काम उद्या करणार आहे.