सातव्या दिवसाचे रक्त

मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे माणूस येत नाही, त्याचे रक्त येते. नव्या औषधाची माणसावरची पहिली चाचणी सुरू असते तेव्हा शहरातल्या एखाद्या केंद्रातून शीतपेटीत लहान लहान नळ्या येतात. त्यांवर नाव नसते, फक्त क्रमांक, भेटीचा दिवस आणि रक्त घेतल्याची वेळ असते; आणि त्या माणसाच्या प्रतिकारशक्तीने औषधाची कशी दखल घेतली, हे त्यातल्या रक्तद्रवावरून आम्हाला सांगायचे असते. त्यासाठी आता आम्ही एकेक प्रथिन वेगळे न मोजता वीस-पंचवीस प्रथिने एकत्र मोजतो. नातेवाइकांना हे काम सांगितले की 'एकदम पंचवीस!' म्हणून सगळे थक्क होतात, आणि मला मात्र त्याच आकड्याची धास्ती वाटते. ती का, हे लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

पहिल्या टप्प्यात माणसे मोजकी असतात. एका मात्रेच्या गटात पुष्कळदा आठ जण असतात. सहा जणांना औषध आणि दोघांना औषधासारखे दिसणारे निव्वळ द्रावण. रक्त मात्र वारंवार घ्यावे लागते: मात्रेआधी, मग काही तासांनी, दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी. एलायझा ही एकेक प्रथिन मोजण्याची १९७१ सालची पद्धत आजही भरवशाची आहे, पण तिच्यात विरळ न केलेला नमुना लावायचा झाला तर एका वेलला, म्हणजे प्लेटवरच्या एका खळगीला, साधारण १०० मायक्रोलिटर लागतात आणि प्रत्येक नमुना दोन वेलमध्ये लावायचा असतो. दहा प्रथिनांसाठी दोन मिलिलिटर रक्तद्रव, म्हणजे जवळजवळ चार मिलिलिटर रक्त, आणि तेही प्रत्येक वेळी. शिवाय औषधाची पातळी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या यांचे रक्त वेगळेच. आम्ही वापरतो त्या मण्यांच्या पद्धतीत हेच काम २५ ते ५० मायक्रोलिटरमध्ये होते. रांगोळीचे दोन रंग कमी-जास्त चिमटीने मिसळून छटा कराव्यात, तसे साडेसहा मायक्रॉनचे चुंबकीय मणी दोन रंगद्रव्यांनी रंगवलेले असतात. प्रत्येक रंगाच्या दहा पायऱ्या धरल्या तर शंभर छटा होतात, आणि प्रत्येक छटेच्या मण्यावर एकाच प्रथिनाला पकडणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) बसवलेले असते. एक लेझर मण्याची छटा ओळखतो, दुसरा त्यावर किती प्रथिन अडकले त्याची चमक वाचतो.

पण रक्ताची बचत हे दुय्यम कारण झाले. मुख्य कारण कळण्यासाठी १३ मार्च २००६ची लंडनमधली चाचणी आठवावी लागते. टीजीएन१४१२ हे औषध, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींवरील सीडी२८ या प्रथिनाला थेट चेतवणारे प्रतिपिंड, प्रथमच माणसांना देण्यात आले, तेही माकडांमध्ये निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शाएवढे. औषध मिळालेल्या सहाही निरोगी तरुणांना दीड तासाच्या आत त्रास सुरू झाला आणि सगळ्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले; सुदैवाने सगळे वाचले. माकडांच्या ज्या स्मृतिपेशी (आधीचा संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशी) अशा वेळी उसळायला हव्या होत्या, त्यांवर सीडी२८च नव्हते, हे नंतर कळले. त्या सहा जणांच्या रक्तात आधी टीएनएफ हे सायटोकाइन, म्हणजे प्रतिकारपेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सोडतात तसले प्रथिन, वाढले आणि मग काही तासांत आयएल-२, आयएल-६, इंटरफेरॉन-गॅमा ही सायटोकाइन वाढली, आणि त्यांच्याबरोबर दाह आवरणारे आयएल-१०सुद्धा. आग लावणारे आणि आग विझवणारे एकाच वेळी धावत होते. कुठलेही एकच प्रथिन मोजले असते तर हा क्रम आणि ही संगत दिसली नसती. अनेक प्रथिने एकत्र मोजायची ती या संगतीसाठी, असे माझे मत आहे. निव्वळ संख्येला माझ्या लेखी फारशी किंमत नाही.

संख्या वाढवली की वेलमधला संसार अवघड होतो. निरोगी माणसाच्या रक्तात आयएल-६ एका मिलिलिटरमध्ये काही पिकोग्रॅम असते, तर सीआरपी हे दाहात वाढणारे दुसरे प्रथिन लिटरला मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे दोघांत सुमारे दहा लाख पटींचा फरक. सीआरपी मोजण्यासाठी नमुना हजारो पट विरळ करावा तर आयएल-६ नाहीसे होते, आणि न करावा तर सीआरपीची चमक वरच्या टोकाला जाऊन चिकटते. म्हणून ही दोन एका वेलमध्ये नांदत नाहीत. जी नांदतात त्यांनाही एकच विरळपणा, एकच द्रावण आणि एकच वेळ वाटून घ्यावी लागते. त्यामुळे त्या जमावात कोणासाठीही परिस्थिती सर्वोत्तम नसते, सगळ्यांसाठी चालण्याजोगी असते. त्यात कोणाचे प्रतिपिंड दुसऱ्याच्या प्रथिनाला चिकटते, तर कोणाच्या रक्तातला संधिवाताचा घटक, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, दोन प्रतिपिंडांना आपसातच जोडून खोटी चमक दाखवतो. हे सगळे प्रत्येक प्रथिनासाठी वेगवेगळे तपासावे लागते. किट विकणाऱ्याच्या पत्रकात पंचवीस नावे एका ओळीत मावतात. त्यांची पडताळणी करताना माझे तीन महिने गेले, आणि त्यातली चार नावे शेवटी गाळावी लागली.

दुसरा प्रश्न आकड्यांच्या अर्थाचा. आमच्या पुण्यात तयार होणाऱ्या न्यूमोकोकल लसीत (न्यूमोनियाच्या एका जंतूवरच्या) दहा सिरोटाइप, म्हणजे त्या जंतूचे उपप्रकार, आहेत. अशा लसीनंतर प्रत्येक सिरोटाइपविरुद्धचे प्रतिपिंड मोजतात, आणि तिथे निदान मिलिलिटरला ०.३५ मायक्रोग्रॅम हा सर्वमान्य उंबरठा हाताशी असतो. सायटोकाइनला असा उंबरठा नाही. तुलना माणसाच्या स्वतःच्या मात्रेआधीच्या पातळीशीच करावी लागते. वीस प्रथिने आणि मात्रेनंतरच्या चार वेळा धरल्या तर ऐंशी तुलना होतात, आणि पाच टक्क्यांचा नेहमीचा निकष लावला तर औषधाने काहीही केले नसतानासुद्धा सरासरी चार तुलना 'लक्षणीय' दिसतील. सहा माणसांच्या गटात त्या चारांवर कहाणी रचणे फार सोपे असते.

आमच्याकडे ती जवळजवळ रचली गेली होती. दोन वर्षांपूर्वी एका चाचणीच्या दुसऱ्या गटाचा सातवा दिवस विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आला. अनंत चतुर्दशी टाळली म्हणून सगळे निर्धास्त होते, पण पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालू राहते याचा हिशेब कोणी केला नाही. त्यातच पेठेतल्या त्या केंद्राचे सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त वेगाने फिरवून रक्तद्रव वेगळे करणारे यंत्र, बंद पडले होते, तेव्हा रक्त न फिरवता तसेच बाणेरला आमच्याकडे पाठवायचे ठरले. सकाळी अकराला समन्वयक ताईंचा फोन आला, "मॅडम, गाडी अलका चौकाच्या अलीकडेच अडकलीय, पुढे सोडत नाहीत." एका तासात वेगळे व्हायला हवे होते ते रक्तद्रव साडेतीन तासांनी वेगळे झाले. त्या दिवशी आठपैकी पाच जण आले होते. उरलेले तिघे दुसऱ्या दिवशी आले आणि त्यांचे रक्त वेळेत पोहोचले.

महिन्याभराने निकाल आले तेव्हा पाच जणांमध्ये आयएल-८ हे आणखी एक सायटोकाइन चांगलेच वाढलेले होते आणि तिघांमध्ये नव्हते. कोणाला औषध आणि कोणाला निव्वळ द्रावण दिले हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. आठांत पाच म्हणजे औषधाचाच परिणाम, असे बैठकीत एकाने बोलूनही टाकले. मला खटकले ते शेजारचे रकाने. त्याच पाच जणांमध्ये प्लेटलेटमधून सुटणारे सीडी४० लायगंड हे प्रथिन वाढले होते, पण चौघांचे आयएल-६ जागच्या जागी होते आणि केंद्राने वेगळे तपासलेले सीआरपी पाचही जणांचे हलले नव्हते. शरीरात दाह उठला असता तर अशी जोडी दिसली नसती. ही जोडी नळीत ताटकळलेल्या रक्ताची होती, कारण तिथे पेशी आयएल-८ सोडत राहतात आणि प्लेटलेट चेतवल्या जातात. खात्रीसाठी परवानगी घेतलेल्या दात्यांचे रक्त शून्य, एक, दोन आणि चार तास तसेच ठेवून फिरवले, तर तीच जोडी तासागणिक वर चढत गेली. पुढे गुपित उघडले तेव्हा पाचांपैकी एकाला औषध मिळालेलेच नव्हते. आयएल-८ एकटेच मोजले असते तर गुपित उघडेपर्यंत आम्ही चुकीच्या वाटेवर राहिलो असतो, हे मी या पद्धतीच्या बाजूने मोकळेपणी मान्य करते.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. पाचव्या माणसाचे आयएल-६ तिपटीने वाढले होते. ते मात्रेमुळे, साध्या सर्दीमुळे की आदल्या रात्री ढोल वाजवल्यामुळे (दमवणाऱ्या व्यायामानेही आयएल-६ वाढते), हे सांगता आले नाही, कारण त्या माणसाचा सातवा दिवस पुन्हा येणार नव्हता. नोंदीत आम्ही आकडा तसाच ठेवला आणि शेजारी विलंबाची वेळ लिहिली.

तेव्हापासून नळीवर रक्त घेतल्याची आणि फिरवल्याची अशा दोन्ही वेळा असतात, एका माणसाचे सगळे दिवस एकाच प्लेटवर लावले जातात, आणि एका चाचणीसाठी शक्यतो किटचा एकच लॉट (एकाच वेळी बनलेला साठा) राखून ठेवतो. सध्या माझ्या टेबलावर नव्या चाचणीची यादी आहे. प्रायोजकांनी सत्तावीस प्रथिने सुचवली आहेत. प्रत्येकासमोर 'हे वाढले तर पुढची मात्रा देताना आपण काय बदलणार?' एवढा एकच प्रश्न लिहून मी ती परत पाठवली. काल उत्तर आले तेव्हा नऊ रकाने भरलेले होते.