काचेची फितुरी

रात्री दिवा लावला की खिडकीची काच फितूर होते. दिवसभर ती मला रस्ता दाखवते. अंधार पडला की मला माझंच तोंड दाखवते आणि रस्त्याला माझी अख्खी खोली. परवा पडदा ओढायला हात वर केला, तर काचेतल्या माणसाच्या बनियनला काखेत भोक दिसलं. म्हणजे समोरच्यांना ते कधीच दिसलं असणार.

डॅन ग्रॅहम या अमेरिकन कलावंताला ही फितुरी फार प्रिय होती. १९६५ मध्ये न्यूयॉर्कमधली त्याची आर्ट गॅलरी बुडाली आणि स्वारी न्यू जर्सीला, आईवडिलांकडे. तिथल्या उपनगरांतली एका साच्यातली घरं त्यानं साध्या इन्स्टामॅटिक कॅमेऱ्यानं टिपली. त्यातून झालेला ‘होम्स फॉर अमेरिका’ हा लेख १९६६-६७ मध्ये ‘आर्ट्स मॅगझिन’मध्ये आला. गंमत म्हणजे छापताना मासिकानं त्याचे फोटो गाळून वॉकर इव्हान्स या नावाजलेल्या छायाचित्रकाराचा एक फोटो लावला!

लेखात बिल्डरच्या घरांच्या आठ नमुन्यांची नावं आहेत, थेट पाश्चात्त्य संगीतातून उचललेली: सोनाटा, नॉक्टर्न, सेरेनेड, ऱ्हॅप्सडी वगैरे. रंगही आठच, त्यात ‘मूनस्टोन ग्रे’ आणि ‘सीफोम ग्रीन’. आठ घरांच्या रांगेत चार नमुने कसकसे बसवता येतील, याचे अक्षरांचे रकानेच त्यानं मांडलेत. शेरा कुठे नाही, हळहळ नाही. नुसती यादी वाचूनच हसू येतं आणि मग जरा पोटात गोळाही.

पण मला भिडतं ते १९७८ चं ‘अल्टरेशन टू अ सबर्बन हाउस’. आहे नुसतं मॉडेल. घराची रस्त्याकडची भिंत काढून तिथे सबंध काच, आणि घराच्या मधोमध, त्या काचेला समांतर, आरसा. आरशामागचं घर झाकलेलं, पुढचं उघडं. जाणाऱ्यानं कुतूहलानं डोकावावं, तर त्या दिवाणखान्यात तो स्वतःच उभा, पाठीमागे रस्ता आणि समोरची घरं. चोरून बघणाऱ्याची याहून सभ्य फजिती मला तरी ठाऊक नाही.

त्याच वर्षीची दुसरी कल्पना मात्र खवचट. अंगणात रस्त्याकडे तोंड करून मोठा टीव्ही, आणि घरातले आत जे बघतायत तेच त्यावर. भोकाचं बनियन एक वेळ परवडलं. रात्री अकराला आपण काय बघतो, हे शेजाऱ्यांना कळणं म्हणजे फारच झालं!

पडदा त्या रात्री ओढलाच नाही. दिवा बंद केला. काचेतला माणूस गेला, रस्ता परत आला. समोरच्या अंधाऱ्या खिडकीत कुणीतरी उभं होतं. तेही बहुधा नुकताच दिवा विझवून.