गिटार ॲम्प शोध, अपडेट ४ : बझ सापडला, अंगणात!

मंडळी, सापडला एकदाचा. मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं की नांदेडच्या मित्राकडून पंधरा दिवसांसाठी आणलेला कटाना ५० (बॉसचा ५० वॅटचा गिटार ॲम्प) परभणीत घरी लावला आणि गेन (आवाज फाटका, तापलेला करायचं बटण) निम्म्याच्या पुढं नेला की बझ्झ्झ सुरू होतंय, आणि त्या वैतागात मी "आता सरळ ट्यूबच (काचेच्या व्हॉल्व्हवाला ॲम्प) घेणार, १५ वॅटचा, ईएल८४ ट्यूबवाला" असं जाहीर पण करून टाकलं होतं. ते मागं घेतो. ॲम्पचा काही दोष नव्हता, बिचारा उगाच बोलणी खात होता.

१४ एप्रिलला काय झालं ते भाग १ मध्ये आहेच. ढोलकी, ऑक्टोपॅड, बँजो, दोन कीबोर्ड आणि त्यांच्यासमोर माझा १५ वॅटचा, आठ इंची स्पीकरवाला प्रॅक्टिस ॲम्प. भीमगीताच्या मधल्या म्युझिकमध्ये लीड माझी होती आणि ती मलाच ऐकू आली नाही. तेव्हापासून मोठ्या ॲम्पचं डोक्यात बसलंय.

तर बझ. आधी केबल बदलली, काही नाही. मग ढोलकीवाल्या दादाच्या पुतण्याची हंबकर पिकअपवाली गिटार आणली (पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारी चुंबक आणि कॉइल), तरी तोच आवाज. इथंच मला थांबायला पाहिजे होतं, कारण हंबकरमध्ये दोन कॉइल एकमेकीला उलट्या जोडलेल्या असतात, चुंबकं पण उलटी, त्यामुळं तारांचा आवाज बेरीज होतो आणि बाहेरून आलेला हम (विजेची गुणगुण) एकमेकात कटतो. म्हणजे माझ्या गिटारच्या सिंगल कॉइल (एकाच कॉइलच्या) पिकअपचा हम असता तर हंबकरनं तो बराच मेला असता. पण मी ते सोडून घरातल्या वस्तूंच्या मागं लागलो. फ्रीज बंद, ट्यूबलाइट बंद, कूलर बंद (बाहेर ४२ डिग्री, खोलीत आम्ही दोघं, मी आणि ॲम्प). पंख्याचा जुना गोल रेग्युलेटर फुल केला तर बझ जवळजवळ निम्म्यावर आला, म्हटलं मिळालं! हे रेग्युलेटर विजेची लाट मधूनच कापतात, त्याची किरकिर पिकअप लगेच पकडतो. नवा स्टेपवाला रेग्युलेटर बसवला. पण निम्मा बझ राहिलाच. फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये बघितलं तर ५०, १००, १५० असे काटे वरपर्यंत उभे, पिकाच्या ओळीसारखे.

आठव्या दिवशी घामेजलेला हात ॲम्पच्या मागच्या स्क्रूला लागला आणि मुंग्या आल्या. टेस्टर लावला, लुकलुकला. तिथंच पोटात गोळा आला, कारण स्टेजवर मी गिटार गळ्यात घेऊन ओठ माईकला लावून कोरस गातो.

गल्लीतल्या वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी होल्डरला १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावून फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लख्ख पेटला. मग फेज आणि अर्थमध्ये धरला तर नुसती तार लालसर झाली. (हे वायरमननंच करायचं काम आहे, कुणी घरी करून बघू नका. घराला ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असता तर या टेस्टला तो लगेच पडला असता, आमच्या जुन्या घराला तो नव्हताच.) काका म्हणाले, "अर्थिंग हाय कुठं? वायर हाय नुसती."

तुळशीमागं अर्थिंगचा पाइप आहे, वडलांनी घर बांधताना टाकलेला. उकरून बघितलं तर क्लॅम्प मिठानं खाऊन पार गंजलेला आणि पाइपाभोवतीची काळी माती आटून चार बोटं भेग पडलेली. आपल्याकडची माती पावसाळ्यात फुगती आणि उन्हाळ्यात आकसून पाइपला सोडून देती, मग अर्थ नावालाच राहतो. म्हणजे माझा जुना ॲम्प जुलै-ऑगस्टमध्ये शांत आणि एप्रिलमध्ये किरकिरा का, ते कोडं पण सुटलं, दोन वर्षं मी त्याचा दोष पेडल्सला देत होतो. काकांनी नवा तांब्याचा क्लॅम्प मारला, खड्ड्यात कोळसा आणि खडं मीठ भरलं, वरून चार बादल्या पाणी. दुसऱ्या दिवशी बल्ब जवळपास पूर्ण पेटला. ईएलसीबी पण बसवून घेतला. आई म्हणाली तुळशीला घालताना रोज तिथंबी एक तांब्या घालीन.

आणि मग ॲम्प चालू केला. ब्राउन चॅनल, गेन तीन वाजता (बटणाची खूण घड्याळातल्या तीनकडं), हात तारांवर. शांत. मी पाच मिनिटं काहीच वाजवलं नाही, नुसतं ऐकत बसलो.

आता माझ्या सिंगल कॉइलचा थोडा ५० हर्ट्झचा हम आहे, पण तो गिटार घेऊन जागेवर वळलं की कमी-जास्त होतो. एका ठरावीक दिशेला तोंड केलं की गायब. रेकॉर्डिंगला तेवढं पुरतं. लॅपटॉप मात्र चार्जर काढून बॅटरीवर ठेवायचा.

एक मनापासून सांगतो, बझ घालवायला तिसरी पिन कापणारे किंवा टू-पिन अडॅप्टर लावणारे जे आहेत ना, प्लीज बंद करा. मांडवात जनरेटरवर साउंड एकीकडं, ॲम्प दुसऱ्या लाइनवर, अशात ओठ आणि तार यांच्यामध्ये तुम्हीच वायर होता. माईकला ओठ लावायच्या आधी हाताची मागची बाजू लावून बघत जा. लूपचा हम (दोन वस्तू दोन वाटांनी अर्थ झाल्यामुळं येणारा) येत असेल तर ग्राउंड लिफ्टवाला पॅसिव्ह डीआय बॉक्स (गिटारची लाइन मिक्सरला देणारी डबी) वापरा, तो फक्त सिग्नल केबलचा ग्राउंड तोडतो, विजेचा नाही.

आता वॅट. पुण्याच्या एका दुकानात "ओपन एअर वाजवता तर शंभरच घ्या" म्हणून मागं लागले होते. ५० चे १०० केले तर वाढतात ३ डीबी (डेसिबल). कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे दहापट वॅट. माझ्या १५ वरून ५० ला जाणं म्हणजे ५ डीबीच्या आसपास, पण खरा फरक स्पीकरनं पडतो. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला तो किती मोठा वाजतो) लिहिलेली असते, सेलेशनचा व्हिंटेज ३० म्हणजे १०० डीबी, ग्रीनबॅक ९८. ९७ वाल्याच्या जागी १०० वाला बसवला की वॅट दुप्पट केल्यासारखंच. आठ इंचीवरून बारा इंचीवर आल्यावर तर आवाजाला छातीच येते.

आणि दुसरी गोष्ट, माझे मिड्स (बेस आणि ट्रेबलच्या मधला आवाज). घरी एकटं वाजवताना बेस-ट्रेबल वर आणि मिडल खाली असं गोड लागतं, तेच सेटिंग मी स्टेजवर नेत होतो. खाली ढोलकी आणि बेस बसलेले, वर झांज-टाळ्या, मधली जागा मी स्वतःच रिकामी सोडलेली. परवा प्रॅक्टिसला बेस नऊ वाजता, मिडल दोन वाजता केलं, ढोलकीवाला दादा वाजवता वाजवता मान वर करून बघायला लागला, "आता कळायलं बे काय वाजवायलास ते." मास्टर व्हॉल्यूम निम्म्यालाच होता!

म्हणून ५० पक्कं असं लिहिणार होतो, पण लिहितानाच एक अडचण आठवली. कटानाच्या फोन्स/रेक आउटला (हेडफोन-रेकॉर्डिंगच्या सॉकेटला) पिन घातली की स्पीकर बंद होतो, म्हणजे त्यातून मिक्सरला लाइन देऊन वर स्वतःला पण ऐकायचं हे जमत नाही. मग स्टेजवर ॲम्पसमोर माईकच लावावा लागणार. एसएम५७ माईक आहेच माझ्याकडं. ॲम्प प्लास्टिकच्या खुर्चीवर मागं कलवून ठेवायचा, तोंड माझ्या कानाकडं, पब्लिकला साउंडवाल्याच्या टॉपमधून (मोठ्या स्पीकरमधून) जाईल. मग तर ५० सुद्धा भरपूर झाले, आणि ट्यूबचे १५ पण चालतील की! नाही, नाही. ट्यूब रात्री घरी वाजवता येणार नाही, आणि इकडं संध्याकाळी व्होल्टेज पडलं की त्याचं काय होईल याची मला धाकधूक. कटानाला मागं अर्ध्या वॅटचं सेटिंग आहे, ५० पेक्षा २० डीबी खाली. काल रात्री अकराला त्यावर रेकॉर्ड केलं, ५७ जाळीपासून दोन बोटं, डस्ट कॅपच्या (स्पीकरच्या मधल्या गोल टोपीच्या) कडेवर, कूलर बंद. शेजारी कुणी उठलं नाही आणि टेकमध्ये सुरुवातीच्या शांततेत फक्त माझा श्वास ऐकू येतोय. तो टेक मी सकाळपासून सहा वेळा ऐकलाय.

मित्राला विचारलंय विकतोस का, "बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होऊ दे, मग बोलू" म्हणाला. तोपर्यंत ॲम्प माझ्याकडंच. त्या कार्यक्रमाला खुर्ची आणि ५७ वाला प्रयोग करतो. जनरेटरवर स्वतःचा वेगळा अर्थ रॉड ठोकून कुणी वाजवलंय का आपल्यापैकी? किती खोल ठोकला आणि जमीन कशी होती तेवढं सांगा, मी काकांना विचारून ठेवलंय पण वाजवणाऱ्याकडून ऐकायचंय.