तीस पावलांचा आळस

थीम पार्कमध्ये फिरणाऱ्या माणसाच्या हातात सतत काहीतरी संपत आलेलं असतं. पॉपकॉर्नचा पुडा, आइस्क्रीमची काडी, तळाशी नुसता बर्फ उरलेला पेला. संपेपर्यंत ती वस्तू लाडाची असते, संपली की लगेच हाताला नकोशी होते. कचऱ्याचा डबा नेमका त्या क्षणी समोर हवा. थोडा उशीर झाला की पेला कुंपणाच्या कट्ट्यावर किंवा बाकाखाली जाऊन बसतो. गंमत अशी की आपण कचरा केला असं त्या माणसाला वाटतही नाही. त्याने पेला टाकलेला नसतो, ‘ठेवलेला’ असतो.

चांगली कचरापेटी बनवणारे लोक या माणसाला सुधारायला जात नाहीत. त्याचा आळस ते मोजतात आणि त्या मापाने पेटी उभी करतात.

या मापाची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट वॉल्ट डिस्नेच्या नावावर आहे. मुलींना घेऊन तो करमणुकीच्या बागांत जायचा, तेव्हा तिथली घाण त्याला खटकायची. १९५१ मध्ये त्याने कोपनहेगनचं टिव्होली उद्यान पाहिलं आणि त्या स्वच्छतेवर तो खूष झाला. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम इथे डिस्नेलँड उघडलं. सांगतात ते असं, की माणूस हातातला कागद किती अंतर वागवतो हे त्याने स्वतः पाहिलं आणि आकडा ठरवला तीस. तीस काय, यावर मात्र सांगणाऱ्यांचं एकमत नाही. कुणी फूट म्हणतं, कुणी पावलं. मोठ्या माणसाचं पाऊल अडीच फुटांचं धरलं तर तीस पावलं म्हणजे पंचाहत्तर फूट. दोन्ही एकाच दमात सांगणाऱ्याने पेट्या कधी मांडलेल्या नसाव्यात.

आख्यायिका बाजूला ठेवली तरी मोजमाप उरतंच. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३० सार्वजनिक ठिकाणी हजारो लोकांचं गुपचूप निरीक्षण केलं होतं. हातातली वस्तू टाकण्याच्या एकूण प्रसंगांपैकी १७ टक्के वेळा ती पेटीबाहेर पडली, आणि तेव्हा सर्वांत जवळची पेटी सरासरी २९ फुटांवर होती. म्हणजे पेटी नव्हती अशातला भाग नाही. होती, दिसतही असेल, पण २९ फूट फार वाटले. शिवाय पेट्या तीस फुटांवर मांडल्या तर दोन पेट्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला जास्तीत जास्त पंधरा फूटच चालावं लागतं. नकाशावरचं अंतर आणि माणसाच्या वाट्याला येणारं अंतर यांत निम्म्याचा फरक पडतो, आणि नवखा मांडणारा नेमका इथे चुकतो.

त्याहून मजेदार प्रयोग मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांचा, १९९० साली छापून आलेला. तो झालाच मुळी एका अमेरिकन करमणूक बागेत. येणाऱ्यांच्या हातात एकेक पत्रक द्यायचं आणि पुढच्या वाटेवर आधीच काही पत्रकं पाडून ठेवायची. वाट अगदी स्वच्छ असताना १८ टक्के लोकांनी पत्रक खाली टाकलं. वाटेवर फक्त एक पत्रक पडलेलं असताना हे प्रमाण १० टक्क्यांवर उतरलं, कारण त्या एकट्या कागदामुळेच बाकीची स्वच्छता नजरेत भरली. आठ पत्रकं होताच ते ४१ टक्क्यांवर गेलं. थीम पार्कमध्ये झाडूवाला सतत का फिरत असतो, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे. पहिले एक-दोन कागद फारसं नुकसान करत नाहीत. पाच-सहा साठले की वाट हातची गेली.

आता पेटीचं अंग पाहू. बाहेरून दिसतो तो नुसता अंगरखा, पत्र्याचा किंवा फायबरग्लासचा. आत प्लॅस्टिकचा ताठ डबा आणि डब्यात पिशवी. तोंडं दोन, समोरासमोर, म्हणजे दोन्ही दिशांनी येणाऱ्यांना वळसा पडत नाही. तोंडावर झुलतं झाकण असतं. ते वास कोंडून ठेवतं, पाऊस अडवतं आणि गोड पेयांवर येणाऱ्या गांधीलमाश्यांना आत जाऊ देत नाही. पण या झाकणाचं एक दुखणं आहे. लोक ते बोटाने ढकलत नाहीत, हातातल्या कागदी ताटलीने ढकलतात. ताटलीचा सॉस झाकणाला लागतो. पुढच्या माणसाला त्या सॉसला हात लावायचा नसतो, म्हणून तो आपला पेला पेटीच्या शेजारी ठेवतो. पेटी अर्धी रिकामी आणि भोवती कचरा, असं दृश्य दिसलं की आधी झाकण पाहावं. सफाईच्या दर फेरीला ओल्या फडक्याने झाकण पुसणं हे पिशवी बदलण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे, आणि घाईत तेच पहिलं राहतं. बिजागरीत साखर सुकली तर झाकण अर्ध्यावर अडकतं, तेव्हा बिजागरीही कोमट पाण्याने धुवावी लागते. तेल घालून उपयोग नाही, त्याला धूळ चिकटते.

अमेरिकेत अपंगांच्या सोयीच्या नियमांनुसार हाताने चालवायचा भाग जमिनीपासून १५ ते ४८ इंचांच्या दरम्यान हवा आणि तो हलवायला पाच पौंडांपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. झाकण ढकलायचंच असेल, तर चाकाच्या खुर्चीतून हात पोचेल अशा उंचीवर आणि इतकं हलकं हवं. हलकं झाकण वाऱ्याने फडफडतं. मग आतून रबराचा ठोकळा बसवतात.

आता पिशवी. हिचं माप चुकलं की सगळं चुकतं. डब्याचा व्यास ५० सेंटिमीटर असेल तर घेर १५७ होतो. सपाट ठेवलेल्या पिशवीची रुंदी घेराच्या निम्मी, म्हणजे किमान ७९ लागते. ८५ घेतली तर काठावरून दुमडताना ताण येत नाही. लांबीसाठी डब्याची उंची ७५, तळाचे २५ (व्यासाच्या निम्मे) आणि दुमडीचे १०, असे मिळून ११०. लहान पिशवी पहिल्याच जड पेल्यासरशी आत घसरते. फार मोठी घेतली तर तिच्या घड्यांमध्ये कचरा अडकतो आणि पेटी भरण्याआधीच भरलेली दिसते.

भरलेली पिशवी वर ओढताना ती जणू डब्याला चिकटून बसते, कारण खाली हवा शिरायला वाट नसते. जोर लावला की तळ फाटतो. उपाय साधा: डब्याच्या भिंतीला तळापासून वीतभर उंचीवर चार भोकं पाडायची. अगदी तळाशी पाडायची नाहीत, नाहीतर पिशवीतून गळलेलं पेय थेट फरशीवर येतं. समोरून उघडणारं दार असेल तर आणखी बरं. डबा आडवा सरकवून बाहेर काढता येतो, उचलावा लागत नाही.

वजनाचा खरा शत्रू पाणी. अर्ध्या लिटरचे चाळीस पेले निम्मे भरलेले आले तर दहा किलो नुसतं पेय आणि वितळलेला बर्फ होतो. म्हणून पिशवी तीन-चतुर्थांश भरली की बदलावी, गळ्यापर्यंत वाट पाहू नये. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हॉलिडे वर्ल्ड नावाचं पार्क २००० सालापासून शीतपेयं फुकट देतं. फुकटचा पेला अर्धा टाकताना कुणाचा हात अडखळत नाही. तरीही सर्वांत स्वच्छ पार्कचा मान त्याने वारंवार मिळवला आहे. यामागे पेटीपेक्षा फेऱ्या जास्त असणार.

पेटीत काय पडणार हे पेटीच्या आधी, दुकानात ठरतं. डिस्नेच्या बागांत च्युइंगम विकलंच जात नाही. फ्लोरिडातल्या त्यांच्या अ‍ॅनिमल किंगडममध्ये प्राण्यांना अपाय होऊ नये म्हणून पेल्यांना प्लॅस्टिकची झाकणं देत नाहीत. प्राण्यांच्या दृष्टीने उत्तमच, पण बिनझाकणाचा पेला पेटीत पडला की आडवा होऊन सांडतो.

रंगाचा प्रश्न मात्र खरा चतुराईचा आहे. नजरेआड ठेवायच्या कुंपणांना आणि विजेच्या पेट्यांना डिस्नेवाले एक निस्तेज हिरवा रंग देतात, त्याला तिथे ‘गो अवे ग्रीन’ म्हणतात. कचरापेटीला तो देता येत नाही, कारण ती सापडायला हवी. उठून दिसली तर देखावा बिघडतो. मग तिला त्या भागाचा पोशाख चढवतात. जंगलाच्या भागात अक्षरं बांबूची, जुन्या पश्चिमेच्या भागात अंग लाकडी फळ्यांचं. आकार आणि उंची मात्र सगळीकडे जवळपास सारखी, कारण हात सवयीने जातो. हे मला या साऱ्या प्रकारातलं सर्वांत हुशार काम वाटतं.

काही ठिकाणी पेटीलाच नट केलं. फ्लोरिडातल्या डिस्नेच्याच मॅजिक किंगडममध्ये १९९५ ते २०१४ या काळात ‘पुश’ नावाची बोलती पेटी गर्दीत फिरायची. तिला दुरून चालवणारा माणूस तिथेच कुठेतरी असायचा. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग पार्कमध्ये चित्रकार अँटन पीकने काढलेला खादाड हॉले बॉले खाइस नावाचा पुतळा तोंड उघडून बसतो, कागद मागतो आणि हवेच्या झोताने तो गिळतो. मुलं कागद शोधून आणून त्याला भरवतात. मात्र अशा नळीला कागदच पचतो. तिथे अर्धं आइस्क्रीम गेलं की ती तुंबणार, म्हणून शेजारी साधी पेटी ठेवावीच.

त्याच मॅजिक किंगडममध्ये, १९७१ साली उघडलं तेव्हापासून, जमिनीखाली हवेच्या दाबाने कचरा खेचणारी नळ्यांची यंत्रणा आहे. तंत्र स्वीडनचं. त्याचा पहिला वापर तिथल्या सोलेफ्टिओच्या रुग्णालयात १९६१ साली झाला. अनेकांचा समज असतो की प्रत्येक पेटीच्या तळाशी नळी आहे. तसं नाही. कामगार पिशव्या काढून पडद्यामागच्या ठरावीक तोंडांपाशी नेतात आणि तिथून त्या ताशी सुमारे ९५ किलोमीटर वेगाने जातात. म्हणजे भर गर्दीतून कचऱ्याची गाडी न्यावी लागत नाही. अशा नळीत लांब काठी किंवा न दुमडलेला पुठ्ठा गेला की वळणावर आडवा बसतो, आणि काच-वाळूने तीच वळणं आधी झिजतात. म्हणून पुठ्ठा तोंडापाशीच फाडून, दुमडून घालतात.

राहता राहिला पेटीचा माथा. सपाट ठेवला तर लोक त्यावर रिकामे पेले रचतात, उतरता केला तर ते थांबतं. पण खाण्याचे महोत्सव भरतात तेव्हा टेबलं कमी पडतात आणि लोक सपाट माथ्याच्या पेटीभोवती उभे राहून निवांत जेवतात. पदार्थ विकणाऱ्यांना हे चालतं, म्हणून बऱ्याच बागा माथा सपाटच ठेवतात. सफाईच्या फेरीवरच्या कामगाराकडे मग दोन फडकी लागतात, एक झाकणासाठी आणि दुसरं माथ्यासाठी. दोन्हींचे रंग वेगळे ठेवलेले बरे.