कुंडलहून मोहित्यांच्या वडगावला

किर्लोस्करवाडीला उतरलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथल्या ओसाड माळावर कारखाना काढला, तो औंधच्या राजांनी दिलेल्या जमिनीवर. कारखाना बाहेरूनच पाहिला आणि कुंडलची वाट धरली.

कुंडल आज सांगली जिल्ह्यात, औंध सातारा जिल्ह्यात. पण एके काळी दोन्ही एकाच संस्थानात होती. संस्थान म्हणजे तरी काय, तुकडे तुकडेच. औंध, कुंडल, आटपाडी आणि पार विजापूरकडचं गुणदाळ. पण या एवढ्याशा संस्थानात १९३९ साली भवानराव पंतप्रतिनिधींनी राज्यकारभार रयतेच्या हाती दिला. सल्ला गांधीजींचा, खटपट राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरची. पायाला गावपंचायत, तिच्यावर तालुका आणि सगळ्यात वर विधिमंडळ. राजा आपणहून गादीवरून थोडा बाजूला सरकला, असं आपल्याकडे फारसं घडत नाही. आजकाल तर पतसंस्थेचा चेअरमनही सरकत नाही.

बेचाळीसनंतर याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. कुंडलच्या जी. डी. बापू लाडांची तुफान सेना त्याच्या पाठीशी होती. इंग्रजांचे पोलीस मागे लागले की संस्थानी हद्दीत आसरा मिळे. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ इंग्रजांच्या पगाराची रेल्वेगाडी लुटली, ती हकीकत इथे पोराटोरांना पाठ आहे. मला मात्र जास्त ओढ आहे ती लुटीनंतरच्या कामाची. गावोगावची न्यायदान मंडळं, दारूबंदी, आणि हुंडा, बँडबाजा, मानपान सगळ्याला फाटा देऊन लावलेली गांधी लग्नं. सावकाराची आणि भावकीची भांडणं कोर्टाची पायरी न चढता मिटत.

इथे माझ्यासारखा गावकीचा अभिमानी जरा अडखळतो. गुन्हेगाराच्या तळपायांवर काठ्या पडत, हेही त्याच न्यायाचं अंग होतं. आणि प्रतिसरकारच्या आधीची जुनी गावकी तरी कुणाची होती? पाराखाली बसणाऱ्यांची. विहिरीपासून लांब उभं राहावं लागणाऱ्यांना त्या पंचांपुढे काय मिळालं असेल, ते सांगायला नको. म्हणून 'पूर्वीचं ते सोनं' असं म्हणायला जीभ रेटत नाही. तरीही आपल्या गावचा निर्णय आपण बसून घ्यायचा, ही सवय त्या माणसांना होती. आपली ती मोडली आहे.

पुढे देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म इथला, १९१३ सालचा, आजोळी झालेला. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या १ मे १९६२ ला, तेव्हा मुख्यमंत्री हेच. गावाला लागूनच सागरेश्वरचा डोंगर. हे अभयारण्य माणसांनी लावलेलं आहे, आणि त्यामागे धडपड होती धों. म. मोहिते यांची. १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. आता हरणं पिकात घुसतात म्हणून भोवतालचे शेतकरी कुरकुरतात, आणि ती कुरकुर खोटी नाही. मोहिते मूळचे शेजारच्या मोहित्यांच्या वडगावचे. माझा मुक्काम तिथेच, एका मित्राच्या मामांकडे.

वडगावचा भोंगा आता बराच गाजलाय. करोनात शाळा मोबाइलवर गेली. शाळा उघडल्यावरही पोरांच्या हातून मोबाइल सुटेना. मग गावाने बसून ठरवलं आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाइल बंद.

मी ओसरीवर बसलो होतो. आत मालिकेतली सासू काहीतरी भयंकर बोलणार होती, तोंड उघडलंही होतं, आणि भोंगा झाला. मामींनी रिमोट दाबला आणि कणकेचा हात लुगड्याला न लावता धाकट्याच्या हातातला फोन दोन बोटांत उचलून फडताळात, पिठाच्या डब्यावर ठेवला. मग माझ्याकडे वळल्या. "पाव्हणं, तुमचाबी द्या की." दिला. पिठाच्या डब्यावर माझा फोन त्या पोराच्या फोनशेजारी जाऊन बसला. पोरगं बस्कर टाकून अपूर्णांक सोडवायला लागलं, थोरली मोठ्याने कविता म्हणायला लागली. पहिली दहा मिनिटं माझाच हात खिशाकडे जात होता. बाहेर गल्लीत शेजारणी उंबऱ्यावर बसून बोलत होत्या. सुरुवातीला अंगणवाडीताई, आशाताई, निवृत्त गुरुजी घरोघर फिरून सांगत, आता तशी गरज पडत नाही, असं मामी म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर मामा मोकळे झाले. विषय अर्थातच राजकारण. पंचायतींना घटनेत जागा देणाऱ्या ७३व्या घटनादुरुस्तीने गावाला मान दिला म्हणतात, पण पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला. पाणी-स्वच्छता नको असं कोण म्हणेल? पण गावाला आधी काय हवं, ते दिल्लीत बसून ठरवायचं. सरपंचाची गोष्ट तर त्याहून मजेशीर. २०१७ मध्ये थेट जनतेतून सरपंच आला, २०२० मध्ये तो कायदा रद्द झाला, २०२२ मध्ये परत आला. मुंबईतलं सरकार बदललं की इथल्या सरपंचाची निवड बदलते.

"आमाला कुणी इचारलं का, तुमी सरपंच कसा निवडता म्हून?" मामा म्हणाले. "सोसायटीला गट, सूतगिरणीला गट, कारखान्याला गट. लग्नात पंगतीबी गट बघून बसत्यात."

भोंग्याला मात्र कुठला जीआर नाही, निधीचं हेड नाही, दंडही नाही. शेजारची बाई 'अगं, अजून टीव्ही लावलाय व्हय?' एवढंच विचारते, त्यावर तो चालतो. शहरातल्या आमच्या सोसायटीत दीडशे फ्लॅट आहेत, आणि लिफ्टच्या दारात पार्किंगचे नियम छापून लावलेत. पाळतं कोण!

मी मुद्दाम खोडा घातला. "मामा, उद्या ग्रामपंचायत दुसऱ्या गटाकडं गेली आणि त्यांनी भोंगाच बंद केला तर?"

मामांनी सुपारी कातरायची थांबवली, आत मामींकडे बघितलं आणि हसले. "करू दे की. बाया सोडत्यात व्हय त्यास्नी?"