आजचा बेत: पालक-रिकोटा कॅनेलोनी (सारण भरलेल्या पास्त्याच्या नळ्या)

सगळी मेख पाण्यात आहे. २५० ग्रॅम रिकोटा (मऊ, ओलसर चीज) तासभर फडक्यात टांगायचा. २०० ग्रॅम पालक वाफवून, मुठीत घट्ट पिळून, बारीक चिरायचा. ओलं सारण ओव्हनमध्ये पाणी सोडतं. त्यात एक अंडं, ५० ग्रॅम किसलेलं पार्मेझान चीज, जायफळ; मीठ बेतानंच, चीज खारट असतं. नळ्या चमच्यानं भरायच्या भानगडीत पडू नका, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत सारण भरून तिचा कोपरा कापा. नळ्यांवर ओतायचा टोमॅटो सॉस मात्र पातळच हवा, न उकडलेला पास्ता त्याच पाण्यावर शिजतो. सॉसबाहेर राहिलेली टोकं कडकच राहतात, दातांना विचारा! फॉइल झाकून १८० अंशांवर ३० मिनिटं, मग वर चीज घालून उघडंच १० मिनिटं. काढल्यावर लगेच वाढायला घेऊ नका, ताटात नुसता लगदा येतो.